टिप्परच्या इंजिनाला बायपास ऑइल फिल्टर आणि छोटा ऑइल कूलर बसवताना

इंजिनाचं सगळं तेल मूळ फिल्टरमधून जातं, आणि म्हणूनच तो फार बारीक गाळू शकत नाही. जाळी बारीक केली तर थंड, घट्ट तेल अडेल आणि बेरिंगला पोचणार नाही. त्यामुळे डिझेल ट्रकचा मूळ फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचा कचरा धरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बेरिंगमधला तेलाचा थर मात्र काही मायक्रॉनचाच असतो. ५ ते १५ मायक्रॉनचे कण मूळ फिल्टरमधून निसटतात आणि मेन बेरिंग, लाइनर, रिंग झिजवत राहतात. बायपास फिल्टर नेमकं हेच उरलेलं काम करतो. प्रेशरच्या तेलातून छोटीशी फांदी काढायची, ते तेल २-३ मायक्रॉनच्या दाट फिल्टरमधून हळूहळू गाळायचं आणि थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, परत सोडायचं. बेरिंगच्या वाटेत हा फिल्टर कुठेच येत नाही, त्यामुळे तो पूर्ण तुंबला तरी इंजिनाचं तेल थांबत नाही.

कोणत्या कंपनीचा फिल्टर चांगला यावर गॅरेजात तासभर वाद चालतो, होजकडे, म्हणजे तेल नेणाऱ्या लवचिक नळीकडे, मात्र कुणाचं लक्ष नसतं. वास्तविक या कामात इंजिन जायचं झालं तर ते होज फुटून किंवा निपल (आट्यांचा जोडतुकडा) तुटून जातं. फिल्टर मध्यम दर्जाचा असला तरी चालेल, पण होज, निपल आणि ते बांधण्याची पद्धत यांत पैसे वाचवू नका.

आधी इंजिन बघा

इंजिन पूर्ण गरम असताना आयडलला ऑइल प्रेशर १ बारच्या खाली जात असेल, तर हे काम करू नका. बायपास सतत थोडं तेल काढून घेतो, त्यामुळे झिजलेल्या इंजिनाचं प्रेशर आणखी उतरेल. तिथे आधी इंजिन काम. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, वेगळा मेकॅनिकल गेज लावून मोजा.

दुसरी गोष्ट हवेची. गोव्यात टिप्परच्या इंजिनाचा मोठा शत्रू म्हणजे लाल धूळ. एअर फिल्टरनंतरच्या रबर होजची क्लिप सैल असेल किंवा होजला खालच्या बाजूने चीर गेली असेल, तर धूळ सरळ टर्बोत आणि सिलिंडरमध्ये जाते. कोणताही ऑइल फिल्टर तिला पुरा पडणार नाही. एअर फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. ते लाल निघालं तर बायपासचा विचार बाजूला ठेवा आणि ती गळती आधी बंद करा.

तेलाचा नमुना लॅबला पाठवणार असाल तर इथे एक गोम आहे. आपली जांभी माती लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेली, आणि टिप्परमधलं खनिज तर मुख्यतः हेमॅटाइट, म्हणजे लोहाचाच ऑक्साइड. बाहेरच्या लॅबचा अहवाल 'लोह जास्त, लाइनर झिजतोय. ॲल्युमिनियम जास्त, पिस्टन झिजतोय' असं म्हणेल, पण इथे ते दोन्ही आकडे नुसत्या धुळीनेही वाढतात. म्हणून सोबत सिलिकॉन, क्रोमियम, शिसं आणि तांबं पाहा. क्रोमियम रिंगमधून येतं, शिसं-तांबं बेरिंगमधून. ते जागच्या जागी असतील आणि फक्त लोह, ॲल्युमिनियम, सिलिकॉन वर गेले असतील, तर दोष हवेच्या वाटेत आहे. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तोही बघा. स्टीलचा कीस चुंबकाला घट्ट चिकटून उभा राहतो, हेमॅटाइटची लाल पूड जेमतेम धरते.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा, म्हणजे २०१२ नंतर आणि पुन्हा २०१८ नंतर, बऱ्याच गाड्या दीर्घकाळ उभ्या होत्या. तसं उभं राहिलेलं इंजिन असेल तर आधी चेंबर उतरवून तळाचा गाळ हाताने साफ करा. नाहीतर नवा फिल्टर पहिल्याच फेऱ्यांत भरून जाईल.

बीएस-६ गाडीला, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, वॉरंटी चालू असेपर्यंत यातलं काहीही जोडू नका. काही मोठ्या इंजिनांना कारखान्यातूनच सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. तो बायपासच आहे. त्याचा रोटर उघडून आतला काळा थर खरवडून काढला, की निम्मं काम फुकटात होतं.

सामान

फिल्टर हेड आणि त्यावरचा स्पिन-ऑन (डब्यासकट फिरवून बसवायचा) किंवा कॅनिस्टरमधला दाट एलिमेंट, म्हणजे गाळणारा गाभा. सेल्युलोजचा एलिमेंट थोडं पाणीही शोषतो, आणि आपल्या पावसाळ्यात ते उपयोगाचं. दीड मिलिमीटर छिद्राचा स्टीलचा निपल, ज्याला पुढे जेट म्हणू. पुरवठ्यासाठी ६ मिमी आतल्या व्यासाचा होज, परतीसाठी १० मिमी. स्टीलचे निपल, कॉपर वॉशर, रबर अस्तराच्या पी-क्लिप, ४० × ४० × ५ मिमीचा अँगल किंवा ५ मिमी पत्र्याची ब्रॅकेट, गॅल्व्हनाइज्ड बोल्ट आणि नायलॉक नट. शिवाय २-३ लिटर जादा तेल, आत आहे त्याच ग्रेडचं.

होज घेताना दुकानदाराला तापमान विचारा. जेसीबीला लागतो तो नेहमीचा आर-१ किंवा आर-२ हायड्रोलिक होज प्रेशरला भक्कम असतो, पण त्याची तापमानाची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. घाटात तेल ११० अंशांवर जातं. असा होज लगेच फुटत नाही. वर्षभरात आतून कडक होतो, मग क्रिम्पच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या जोडाच्या, तोंडाशी तडकतो. इथे टेफ्लॉन अस्तराचा, बाहेरून स्टेनलेस विणीचा आर-१४ वर्गाचा होज लागतो, त्याची मर्यादा २०० अंशांच्या वर आहे. क्रिम्प मशिनवरच करून घ्या. प्रेशरच्या बाजूला जुबली क्लिप अजिबात नको. स्टेनलेसची वीण ज्याला घासते ते कापत जाते, त्यामुळे वायरिंग किंवा डिझेल पाइपजवळून जाताना होजवर रबरी नळी चढवा.

तेल कुठून घ्यायचं

सोपी जागा म्हणजे ऑइल प्रेशर स्विचचं भोक, किंवा मूळ फिल्टर हेडवरचा बंद प्लग. बंद प्लग मिळाला तर तोच घ्या. टर्बोच्या फीड पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) मारू नका. टर्बोच्या बेरिंगला स्टार्टनंतर काही सेकंदांत तेल मिळायला हवं, तिथे वाटेकरी नको.

आटे नीट मोजा. एक अष्टमांश एनपीटी (अमेरिकन) आणि एक अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश) हे आटे दिसायला जवळपास सारखे, पण इंचाला आटे अनुक्रमे २७ आणि २८. एकात दुसरा दोन-तीन फेरे जातो, मग घट्ट होतो, बरोबर बसल्यासारखा वाटतो आणि गरम झाल्यावर पाझरू लागतो. तिसरा उमेदवार मेट्रिक एम १० × १. पिच गेज लावल्याशिवाय काहीही आवळू नका. ब्लॉकमधले आटे गेले तर पन्नास रुपयांच्या निपलसाठी हेलिकॉइल (आट्यांची नवी स्प्रिंग) मारत बसावं लागतं.

स्विचच्या भोकात पितळी टी, तिच्यावर स्विच आणि बाजूला होज, अशी उतरंड करू नका. डिझेल इंजिनाच्या थरथरीने पितळी टी मुळाशी तुटते, तीही भरल्या गाडीत घाटात. ब्लॉकमध्ये स्टीलचा छोटा निपल बसवा, तिथून आखूड होज काढा, आणि टी व स्विच ब्रॅकेटवर बांधा. मात्र एकाच वायरचा स्विच ब्लॉकमधूनच अर्थिंग घेतो. तो ब्रॅकेटवर नेला तर वेगळी अर्थिंगची वायर इंजिनाला जोडावी लागते. नाहीतर ऑइलचा दिवा कधी लागणारच नाही आणि ड्रायव्हर निश्चिंत राहील.

जेट ब्लॉकच्या बाजूला बसवा, फिल्टरच्या बाजूला नव्हे. अनेक फिल्टर हेडमध्ये छिद्र आतच दिलेलं असतं, म्हणून लोक वेगळा जेट लावत नाहीत. फरक होज फुटल्यावर कळतो. जेट ब्लॉकमध्ये असेल तर ४ बार प्रेशरला मिनिटाला सुमारे २ लिटर तेल बाहेर पडतं. १५ लिटरच्या चेंबरमधून पंप हवा ओढू लागेपर्यंत ड्रायव्हरला काही मिनिटं मिळतात. जेट होजच्या पलीकडच्या टोकाला असेल तर ६ मिमीच्या उघड्या तोंडातून तेच तेल मिनिटभरातही जाऊ शकतं. स्विचसाठी टी काढली असेल तर जेट टीनंतर, फिल्टरकडच्या फांदीत येतो. मग ब्लॉक ते टी हा तुकडा विनाजेटचा राहतो, म्हणून तो वीतभरच ठेवा. बंद प्लगची जागा चांगली म्हटलं ते याच कारणाने.

या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपचा एक धागा सुटला की दीड मिमीचं छिद्र बंद, आणि बाहेरून काहीच कळत नाही. आट्यांसाठीचं द्रव सीलंट मिळतं ते वापरा, तेही पहिले दोन आटे कोरडे ठेवून.

परत कुठे सोडायचं

परतीचं तेल चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर पडायला हवं. पातळीखाली सोडलं तरी फिल्टर चालतो, पण परतीचा होज सुटला तर बंद गाडीतूनही अख्खा चेंबर रिकामा होतो. टॅपेट कव्हर किंवा टायमिंग कव्हरवरचा न वापरलेला प्लग ही चांगली जागा. ऑइल भरायच्या झाकणालाच निपल मारलेले नमुने मिळतात. ते चालतात, फक्त दर वेळी झाकण फिरवताना होज पिळला जातो.

काहीच सापडलं नाही तर चेंबरला बॉस वेल्ड करावा लागेल. त्यासाठी चेंबर उतरवा. गाडीवर असताना भोक मारू नका, कारण ग्रीस लावलेल्या ड्रिलनेही सगळा कीस बाहेर येत नाही. पत्र्याचा चेंबर असेल तरच वेल्डिंग, ओतीव ॲल्युमिनियमचा असेल तर दुसरी जागा शोधा. वेल्डनंतर आतून रॉकेल भरून रात्रभर ठेवा, बाहेर खडू फासा. कुठे पाझरलं तर खडूवर डाग दिसतो.

परतीच्या होजवर कॉक बसवू नका. एलिमेंट बदलताना सोयीचा वाटतो, पण एक दिवस तो बंद राहतो आणि पूर्ण प्रेशर डब्यावर येतं. होज फिल्टरपासून इंजिनापर्यंत शक्यतो उतरता ठेवा. गेज काडीच्या नळीत परतीचं तेल सोडू नका. ते नळीतून वर चढतं आणि पातळी खोटी दिसते.

फिल्टर कुठे बांधायचा

चेसिसच्या उभ्या पट्टीवर, आधीच असलेल्या भोकांत. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला भोक किंवा वेल्ड नको, भारवाहू टिप्परची चेसिस तिथूनच तडकते. इंजिन फाउंडेशनवर हलतं, चेसिस हलत नाही. म्हणून दोन्ही होजना सैल वळण द्या. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला की इंजिन कुठे झुकतं ते बघून वळण ठरवा. इंजिनाच्या बाजूचा पहिला आधार इंजिनावर, पुढचा चेसिसवर, मध्ये मोकळा वळसा. टर्बो आणि सायलेन्सर पाइपपासून ३०० मिमी अंतर ठेवा, जमत नसेल तर मध्ये पत्रा. गरम टर्बोवर तेलाची चिळकांडी पडली की आग लागते.

पुढच्या चाकाच्या मागची जागा हाताला सोयीची असते, पण पावसाळ्यात तिथे सतत चिखल उडतो. स्पिन-ऑन डब्याचा पत्रा पातळ, मुरगाव बंदरासारख्या खाऱ्या हवेत तो आतल्यापेक्षा बाहेरून आधी सडतो. रबरी पडदा लावा आणि दर सर्व्हिसला डब्याचा तळ बोटाने चाचपून बघा.

कूलर

इथे बहुतेक लोक घाई करतात. आजच्या बहुतेक ट्रक इंजिनांत ऑइल कूलर असतोच. ब्लॉकच्या बाजूला, कूलंटमध्ये बुडालेला. तेल जास्त तापतंय असं वाटलं तर आधी मोजा. ड्रेन प्लगच्या जागी सेन्सर असलेला प्लग बसवा आणि भरलेली गाडी केरीहून चोर्ला घाट किंवा मोलेहून अनमोड घाट चढवा. चेंबरवर बाहेरून धरलेली इन्फ्रारेड गन काही अंश कमीच दाखवते. माथ्यावर पोचताना १०० ते ११५ अंश दिसले तर काहीही करायची गरज नाही. १२५च्या वर जात असेल तर दोष बहुधा मूळ कूलरमध्ये. कूलंटऐवजी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत त्याच्या पानांवर गंज आणि क्षार बसतात. कोअर काढा, सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात भिजवा, धुवा. मग एक तोंड बंद करून ४-५ बार हवा देत गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर कोअर बदला. फुटका कोअर चालू इंजिनात तेल रेडिएटरमध्ये ढकलतो आणि इंजिन बंद झाल्यावर कूलंट तेलात सोडतो.

एवढं करूनही घाटात ११५ ते १२५ अंश राहत असतील, तर बायपासच्या परतीच्या वाटेत छोटा हवेचा कूलर बसवता येतो. त्याच्याकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. मिनिटाला २ लिटर तेल ३० अंशांनी थंड केलं तर जेमतेम पावणेदोन किलोवॅट उष्णता निघते. चढावर तेलात येणारी उष्णता याच्या कितीतरी पट असते. तापमान काही अंशांनीच उतरेल. फायदा असा, की इथे प्रेशर जवळजवळ नसतं, आणि कूलर फुटला तरी गळती जेटच्या मापाचीच. मूळ फिल्टरखाली सँडविच प्लेट घालून सगळं तेल बाहेरच्या कूलरला नेणारी पद्धत जास्त थंड करते, पण त्यात बेरिंगला जाणारं सगळं तेल लांब होजमधून फिरतं. गोव्यातल्या आखूड फेऱ्यांच्या टिप्परला तो धोका पत्करण्याचं कारण नाही.

क्रम असा: ब्लॉक, जेट, फिल्टर, कूलर, चेंबर. गरम, पातळ तेल फिल्टरमधून सहज जातं, म्हणून कूलर नंतर. त्याची तोंडं वर ठेवा, म्हणजे आत हवा अडकत नाही. रेडिएटरच्या पुढे तो लावू नका, रेडिएटरची हवा जाते आणि लाल धूळ दोघांच्या मध्ये साचते. चेसिसच्या बाजूला, २४ व्होल्टच्या पंख्यासह लावा. पंख्याला ९५ अंशांवर चालू आणि ८५वर बंद होणारा थर्मल स्विच, रिले आणि १० अँपिअरचा फ्यूज. स्विचचं बूड कूलरच्या आधी, गरम तेलात हवं. १२ व्होल्टचा पंखा एका बॅटरीवरून चालवला तर दोन बॅटऱ्यांचं चार्जिंग बिघडतं आणि काही महिन्यांत एक मरते.

पंख्याला स्विच नको, सतत चालू दे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तेल ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय त्यातला ओलावा उडत नाही. जुलैत दमट हवेत पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं तेल आधीच अर्धवट गरम. ते आणखी थंड केलं तर झाकणाच्या आत फिकट चहासारखी मळी जमते.

पहिल्यांदा चालू करताना

तेल आणि मूळ फिल्टर बदलूनच सुरुवात करा. नवा डबा तेलाने भरून घ्या. डिझेल बंद ठेवून प्रेशर दिसेपर्यंत थोडं थोडं क्रँक मारा, एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग चालू करा, पाच मिनिटं आयडल, बंद करा, दहा मिनिटं थांबून पातळी बघा. डबा, होज आणि कूलर मिळून २-३ लिटर तेल खातात. ते अंदाजाने आधीच जादा ओतू नका. पातळी वर गेली की क्रँकशाफ्ट तेल घुसळतो आणि फेस होतो.

फिल्टर चालतोय की नाही हे कळायची खात्रीची रीत: इंजिन गरम असताना बंद करा, परतीचं टोक सोडून मापाच्या भांड्यात धरा, चालू करून ३० सेकंद आयडल. अर्धा लिटरच्या आसपास तेल यायला हवं. २०० मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर जेट तुंबलाय किंवा एलिमेंट भरलाय. जाड हातमोजे घाला, हे तेल भाजतं. रोजच्या तपासणीला अर्ध्या तासाच्या फेरीनंतर डब्याचं तापमान बघितलं तरी पुरे. तो थंड असेल तर आत तेल फिरत नाही.

पुढे

पहिला एलिमेंट नेहमीच्या सर्व्हिसच्या निम्म्या अंतरावर बदला, जुनी मळी सुटून त्यात येते. त्यानंतर प्रत्येक तेल बदलाबरोबर. बायपास लावला म्हणून तेल बदलायचं अंतर वाढवू नका, निदान सलग तीन नमुन्यांत टीबीएन (तेलाची आम्ल मारण्याची ताकद) आणि १०० अंशांवरची विस्कॉसिटी (घट्टपणा) ठीक असल्याशिवाय नाही. १५डब्ल्यू-४० तेलाची ती १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असते. खाली आली तर तेलात डिझेल मिसळतंय, आणि डिझेल, कूलंट किंवा संपलेलं ॲडिटिव्ह यांतलं काहीच फिल्टर काढू शकत नाही. तेल काळं दिसतं म्हणून फिल्टर वाया गेला असंही समजू नका. काजळीचे कण मायक्रॉनच्या खालचे असतात, ते चमचाभर असले तरी तेल काळं दिसतं.

जुनं तेल आणि एलिमेंट कायद्याने घातक कचरा आहेत. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्या. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) पाटात ओतू नका.

ड्रायव्हरच्या टूलबॉक्समध्ये ब्लॉकमधल्या भोकाच्या आट्यांचा एक बंद प्लग, दोन कॉपर वॉशर, योग्य पाना आणि ५ लिटर तेल ठेवा. स्विच टीवर नेला असेल तर तो थेट ब्लॉकमध्ये बसतो का हे आधीच बघून ठेवा. होज फुटला की इंजिन तत्काळ बंद, जेटचा निपल काढून प्लग आवळायचा, पातळी भरायची, आणि प्रेशर आलेलं बघून पुढे जायचं. मूळ फिल्टर जागेवर आहेच.